जगात हातात धरता येईल अशी रोकड नेमकी किती आहे?

प्रश्न असा आहे: जगातल्या सगळ्या नोटा आणि नाणी एका जागी आणली तर एकूण रक्कम किती भरेल, आणि ‘जगातल्या पैशांपैकी जेमतेम आठ टक्के पैसा कागदावर आहे, बाकीचा सगळा संगणकात आहे’ हे वारंवार कानावर येणारे विधान कितपत खरे आहे? रोख व्यवस्थापनाच्या कामात माझी बरीच वर्षे गेली आहेत. त्यामुळे आधी आकडा सांगतो आणि मग तो आकडा नेमका कशाचा आहे ते सांगतो, कारण घोटाळा बहुतेक वेळा या दुसऱ्या टप्प्यावरच होतो.

२०२३ च्या अखेरच्या सुमारास निरनिराळ्या मध्यवर्ती बँकांनी जाहीर केलेल्या रकमा त्या वेळच्या विनिमय दराने डॉलरमध्ये बदलून घेतल्या, तर माझी बेरीज साडेआठ लाख कोटी अमेरिकी डॉलरच्या आसपास येते. त्यात पाव-अर्धा लाख कोटी इकडेतिकडे होऊ शकतात. लाख कोटी म्हणजे एकावर बारा शून्ये. जगाची लोकसंख्या आठशे कोटी धरली, तर माणशी एक हजार डॉलरहून थोडी अधिक रक्कम पडते. जगाच्या त्या वर्षीच्या एकूण उत्पन्नाशी ताडून पाहिले, तर ही रोकड त्याच्या सुमारे आठ टक्के भरते.

हा आकडा कोणी नोटा मोजून काढलेला नाही, आणि तसा तो काढताही येणार नाही. मध्यवर्ती बँकेने आजवर किती रकमेच्या नोटा खिडकीबाहेर दिल्या आणि त्यांपैकी किती परत आल्या, या दोन रकमांमधला फरक म्हणजे ‘चलनातील नोटा’. ताळेबंदात तो देण्याच्या बाजूला लिहिलेला असतो, कारण बाहेर असलेली प्रत्येक नोट ही त्या बँकेच्या डोक्यावरची उधारी आहे. छापखान्यातून आलेली पण बँकेच्या कोठारात पडून असलेली नोट हिशेबाच्या दृष्टीने रंगीत कागद आहे. उलट एखाद्या आगीत वीस वर्षांपूर्वी जळून गेलेली नोट हिशेबात अजून जिवंत आहे, कारण ती परत आलेली नाही. सारांश, ज्या आकड्याला आपण ‘जगातली रोकड’ म्हणतो तो देण्यांच्या खात्याचा आकडा आहे. प्रत्यक्ष कागदाशी त्याचा मेळ बराच चांगला बसतो, पण तो का बसतो हे वेगळे तपासावे लागते आणि त्याकडे पुढे येतो.

ज्यांनी तिजोरीत काम केले आहे त्यांना हा फरक डोळ्यांनी दिसलेला असतो. अनेक देशांत मध्यवर्ती बँक आपल्या साठ्याचा काही भाग व्यापारी बँकांच्याच तिजोऱ्यांत ठेवते, म्हणजे रोज गाड्यांची ने-आण करावी लागत नाही. अशा तिजोरीत दोन कपाटे शेजारी शेजारी असतात. एकातली गड्डी मध्यवर्ती बँकेची असते आणि ती चलनात धरली जात नाही. दुसऱ्यातली गड्डी त्या व्यापारी बँकेची स्वतःची असते आणि ती चलनात असते. कागद तोच, शाई तीच, कधी कधी क्रमांकांची मालिकाही तीच. सकाळी दोन अधिकारी आपापल्या किल्ल्यांनी पहिले कपाट उघडतात, ठरलेल्या गड्ड्या मोजून चार पावलांवरच्या दुसऱ्या कपाटात ठेवतात आणि नोंदवहीवर सह्या करतात. तेवढ्याने देशातली रोकड वाढलेली असते. संध्याकाळी जादा शिल्लक उलट्या दिशेने गेली की ती कमी होते. नव्याने आलेल्या कर्मचाऱ्याला ‘या खोलीत किती पैसे आहेत’ असे विचारायची आमच्याकडे रीतच होती, आणि पहिल्या दिवशी त्याचे बरोबर उत्तर देणारा कर्मचारी मला तरी भेटला नाही.

यातूनच वेगवेगळे आकडे तयार होतात. मध्यवर्ती बँकेच्या बाहेर असलेल्या नोटा आणि नाणी म्हणजे चलनातील रोकड. त्यातून व्यापारी बँकांच्या तिजोरीतली शिल्लक वजा केली की उरते ती लोकांच्या हातातली रोकड. या दोहोंत काही टक्क्यांचाच फरक असतो. खरी गफलत ‘एम-झीरो’ या नावापाशी होते. चीनमध्ये एम-झीरो म्हणजे बँकांबाहेरची, लोकांच्या हातातली रोकड. इतर अनेक ठिकाणी हेच नाव पायाभूत चलनासाठी वापरतात, आणि त्यात व्यापारी बँकांनी मध्यवर्ती बँकेकडे ठेवलेल्या संगणकीय ठेवीही येतात. अमेरिकेचे पायाभूत चलन २०२३ च्या अखेरीस साडेपाच लाख कोटी डॉलरच्या वर होते, तर त्यातली रोकड जेमतेम दोन लाख ३० हजार कोटींच्या घरात होती. एका देशाचा पहिल्या अर्थाचा आणि दुसऱ्याचा दुसऱ्या अर्थाचा आकडा घेऊन केलेल्या बेरजा सर्रास फिरत असतात, आणि त्या दीडपट-दुप्पट फुगलेल्या असतात. त्यात आणखी भर म्हणजे डिसेंबर २०२२ पासून चीनच्या एम-झीरोमध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेचा डिजिटल युआनही मोजला जातो. सुरुवातीला त्याचे प्रमाण हजारी एकाच्या जवळपास होते, म्हणून आज बेरीज बिघडत नाही. पण ‘हातात धरता येणारी’ ही अट कसोशीने पाळायची असेल, तर तो वगळला पाहिजे.

दुहेरी मोजणीचा एक मजेदार प्रकार ब्रिटनमध्ये आहे. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडमधल्या काही व्यापारी बँकांना आपल्या नावाच्या नोटा काढण्याचा जुना अधिकार आहे, मात्र त्यांना तेवढ्याच रकमेचे तारण ठेवावे लागते. त्यासाठी बँक ऑफ इंग्लंडकडे दहा लाख पौंडांची ‘जायंट’ आणि दहा कोटी पौंडांची ‘टायटन’ अशा नोटा असतात. त्या बँकेच्या आवाराबाहेर कधी पडत नाहीत. एका बाजूला या महाकाय नोटा आणि दुसऱ्या बाजूला त्यांच्या आधारावर काढलेल्या स्कॉटिश नोटा, असे दोन्ही धरले तर तोच पैसा दोनदा मोजला जातो. एकूण जगाच्या हिशेबात ही रक्कम किरकोळ आहे, पण बेरीज करताना कुठे कुठे पाय घसरतो याचा हा नमुना आहे.

आता बेरीज कशी होते ते पाहू. अमेरिकी डॉलर सुमारे दोन लाख ३० हजार कोटी. युरोच्या नोटा सुमारे एक लाख ५७ हजार कोटी युरो, म्हणजे जवळपास एक लाख ७० हजार कोटी डॉलर. चीनची रोकड ११ लाख कोटी युआनच्या थोडी वर, म्हणजे एक लाख ६० हजार कोटी डॉलर. जपानच्या नोटा सुमारे १२५ लाख कोटी येन, म्हणजे ८८ हजार कोटी डॉलर. भारताच्या नोटा मार्च २०२४ अखेर ३४.७८ लाख कोटी रुपये, म्हणजे ४२ हजार कोटी डॉलरच्या आसपास. या पाच चलनांतच जवळजवळ सात लाख कोटी डॉलर झाले, म्हणजे एकूण रकमेचे चार पंचमांश. उरलेल्या शे-दीडशे चलनांची मिळून दीड लाख कोटींच्या आसपास भर पडते, आणि त्यातही रशिया, मेक्सिको, दक्षिण कोरिया, तैवान, ब्रिटन, स्वित्झर्लंड, पोलंड, कॅनडा अशी दहा-बारा नावे मोठा वाटा उचलतात. म्हणून पन्नास छोट्या देशांचे आकडे चुकले तरी उत्तर हलत नाही. युरोचा विनिमय दर मात्र पाच टक्क्यांनी बदलला तर ते लगेच हलते.

विनिमय दराचा हा परिणाम किती मोठा असतो, हे येनवरून चांगले दिसते. २०११ च्या अखेरीस जपानमध्ये सुमारे ८४ लाख कोटी येनच्या नोटा चलनात होत्या आणि डॉलरला ७७ येन पडत होते. म्हणजे ती रोकड एक लाख नऊ हजार कोटी डॉलरची होती. बारा वर्षांत नोटा जवळजवळ दीडपट झाल्या, पण डॉलर १४१ येनवर गेला, आणि त्याच रोकडीचे डॉलरमधले मोल ८८ हजार कोटींवर उतरले. डॉलरमधल्या तक्त्यात जपानची रोकड बारा वर्षांत एक पंचमांशाने घटलेली दिसेल, आणि जपानच्या तिजोऱ्यांत, कपाटांत, पाकिटांत मात्र ती निम्म्याने वाढलेली असेल. जगाच्या रोकडीचा वर्षावर्षाचा आलेख डॉलरमध्ये काढला, तर त्यातले कित्येक चढउतार असे निव्वळ दरांचे असतात.

रक्कम बाजूला ठेवून नुसते नग मोजले, तर क्रम पार उलटा होतो. मार्च २०२४ मध्ये भारतात सुमारे १४,७०० कोटी नोटा चलनात होत्या. त्याच सुमारास डॉलरच्या ५,५०० कोटींच्या आसपास, युरोच्या ३,००० कोटींच्या आसपास, येनच्या १,८५० कोटींच्या आसपास आणि पौंडाच्या ४७० कोटींच्या आसपास नोटा होत्या. म्हणजे रकमेने डॉलरच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी असलेले चलन नगांनी त्याच्या अडीचपटीहून अधिक आहे. चीन आणि इतर देशांच्या नोटांचे सरासरी मूल्य अंदाजाने धरून मी जी बेरीज करतो, ती जगभरात ५०,००० कोटी नोटांच्या पुढे-मागे येते. पण हा माझा ढोबळ अदमास आहे, ताळेबंदावरून आलेला आकडा नव्हे. नगांच्या मोजणीला अर्थ कधी उरत नाही, हे पाहायचे असेल तर झिम्बाब्वेची शंभर लाख कोटी डॉलरची नोट आठवावी. २०१५ मध्ये ते चलन रद्द करताना १७५ च्या पुढे पंधरा शून्ये एवढी शिल्लक असलेल्या खात्याला पाच अमेरिकी डॉलर देण्यात आले.

हा सगळा कागद किती जागा व्यापेल, असेही लोक आवर्जून विचारतात. अमेरिकी नोट एक ग्रॅम वजनाची, १५६ मिलिमीटर लांब, ६६ मिलिमीटर रुंद आणि ०.११ मिलिमीटर जाड असते. कागद पाऊण भाग कापसाचा आणि पाव भाग लिननचा. शंभर नोटांची कोरी गड्डी एक सेंटिमीटरहून जराशी अधिक उंचीची भरते. या मापाने डॉलरच्या सगळ्या नोटांचे वजन ५५ हजार टन होते, आणि त्या अजिबात फट न ठेवता रचल्या तर ४० मीटर बाजूच्या घनात मावतात. जगातल्या ५०,००० कोटी नोटा अशाच आकाराच्या मानल्या, तर त्यांचे वजन पाच लाख टन आणि घनाची बाजू ८० मीटरच्या थोडी वर जाते. व्यवहारात मात्र असे कधी मावत नाही. हातोहात फिरलेली नोट घड्या पडून, ओलावा शोषून फुगते, आणि वापरलेल्या शंभर नोटांची गड्डी कोऱ्या गड्डीहून इतकी जाड होते की तिचा कागदी पट्टा पुन्हा बसत नाही. तिजोरीची क्षमता कोऱ्या नोटांवरून ठरवणाऱ्या आराखडाकाराला सणासुदीनंतरच्या परतीच्या हंगामात तिजोरी दाखवावी.

नाण्यांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. युरोची १४,००० कोटींहून अधिक नाणी बाहेर आहेत, म्हणजे नोटांच्या जवळपास पाचपट नग. पण त्यांची एकत्रित किंमत ३,३०० कोटी युरोच्या आसपास, म्हणजे नोटांच्या किमतीच्या दोन टक्के. बहुतेक देशांत प्रमाण असेच थोडेफार असते. अमेरिकेत एक सेंटचे नाणे पाडायला २०२४ च्या आर्थिक वर्षात ३.६९ सेंट खर्च आला होता, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये चलनासाठीचे शेवटचे नाणे पाडून ते नाणे पाडणे थांबवले गेले. एकूण रोकडीच्या हिशेबात याने काही फरक पडत नाही.

माझ्या दृष्टीने या विषयातला सगळ्यात भरीव भाग हा आहे की ही रोकड असते कुठे. अमेरिकेतली चलनातली रक्कम तिथल्या लोकसंख्येने भागली, तर लहान मुलांसकट दर माणशी सात हजार डॉलर येतात. तिथली मध्यवर्ती बँक, फेडरल रिझर्व्ह, दरवर्षी काही नागरिकांकडून खर्चाची रोजनिशी लिहून घेते. त्यात माणसाच्या खिशात, पर्समध्ये किंवा पाकिटात सरासरी सत्तर डॉलरच्या आसपास सापडतात. घरात ठेवलेली रक्कम यात मिळवली तरी सात हजारांच्या जवळपास कोणी पोचत नाही. उरलेले पैसे शोधायला नोटेच्या आयुष्यापासून सुरुवात करावी. फेडरल रिझर्व्हच्या काही वर्षांपूर्वीच्या अंदाजानुसार पाच डॉलरची नोट सरासरी ४.७ वर्षांत खराब होऊन परत येत असे, एक डॉलरची ६.६ वर्षांत, वीसची ७.८ वर्षांत, शंभराची नोट मात्र २२.९ वर्षे टिकत असे. कागद एकच, शाई जवळपास तीच. फरक इतकाच की शंभराची नोट हलत नाही. आणि डॉलरच्या एकूण रोकडीत चार पंचमांशांहून अधिक रक्कम याच नोटेत आहे. २०१७ मध्ये तर नगांच्या संख्येतही शंभराच्या नोटेने एक डॉलरच्या नोटेला मागे टाकले.

ती नोट देशात बसली आहे की देशाबाहेर, हे शोधण्याची एक रीत मला फार आवडते. तळ्यात मासे किती हे ठरवायचे असेल, तर काही मासे पकडून खूण करून सोडतात. पुढच्या खेपेला जाळ्यात खुणेचे आणि बिनखुणेचे मासे कोणत्या प्रमाणात येतात त्यावरून एकूण संख्या काढतात. अमेरिकेने नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला सुरक्षा धागा असलेल्या १९९० च्या मालिकेच्या नोटा बाजारात आणल्या, तेव्हा त्या आपोआपच खुणेचे मासे झाल्या. फेडरल रिझर्व्हमधले रिचर्ड पोर्टर आणि रूथ जडसन यांनी मोजणी यंत्रांवर परत येणाऱ्या नोटांमधल्या नव्या नोटांचे प्रमाण तपासले, आणि देशात फिरणाऱ्या नोटांचा साठा त्यावरून काढला. सोबत त्यांनी दुसरी एक रीत वापरली. नाताळच्या सुमारास घरगुती खर्चासाठी रोकड वाढते आणि नंतर उतरते. कॅनडाचे लोक साधारण तशाच सवयींचे आहेत, पण त्यांची रोकड परदेशात जवळपास जात नाही. म्हणून कॅनडाच्या तुलनेत अमेरिकेचा हंगामी चढउतार जेवढा मंद, तेवढा डॉलरचा मोठा वाटा देशाबाहेर. १९९६ मध्ये त्यांनी काढलेला निष्कर्ष असा होता की ५५ ते ७० टक्के रोकड परदेशात आहे. नंतरच्या अंदाजांनी हे प्रमाण निम्म्याच्या आसपास आणले. पनामा, इक्वेडोर आणि एल साल्वाडोर यांनी डॉलरच अधिकृत चलन म्हणून स्वीकारला आहे, पण मोठा साठा तिथे नाही; तो अशा देशांत आहे जिथे स्वतःच्या चलनाने लोकांना एकदा तरी दगा दिला आहे.

युरोचेही तसेच. युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या अंदाजाप्रमाणे ३० ते ५० टक्के रक्कम युरो क्षेत्राबाहेर आहे, आणि २०१९ च्या हिशेबात रोजच्या खरेदी-विक्रीसाठी वापरली जाणारी रोकड एकूण रकमेच्या एक पंचमांशाच्या आसपासच होती. बाकीची गाठीला बांधून ठेवलेली. ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने २०२० मध्ये नोंदवले की सुमारे ५,००० कोटी पौंडांच्या नोटा कुठे आहेत याची फारशी माहिती कोणाकडे नाही, आणि त्या वेळी पौंडाची एकूण रोकड आठ हजार कोटींच्याही आत होती. जपानी भाषेत घरातल्या कपाटात ठेवलेल्या पैशाला ‘तान्सु योकिन’, म्हणजे कपाटातली ठेव, असा रूढ शब्दच आहे.

म्हणूनच कार्ड आणि मोबाइलवरून पैसे देणे वाढले तरी रोकड घटत नाही, आणि ज्यांना हे कोडे वाटते ते रोकडीकडे केवळ खर्चाचे साधन म्हणून पाहत असतात. २०२० मध्ये दुकाने बंद होती आणि लोक नोटेला हात लावायला घाबरत होते. त्याच वर्षी डॉलरची रोकड एक लाख ७६ हजार कोटींवरून दोन लाख चार हजार कोटींवर गेली, म्हणजे १६ टक्के वाढ, आणि युरोच्या नोटा ११ टक्क्यांनी वाढल्या. भीती वाटली की माणूस रोकड काढून ठेवतो, आणि काढलेली रोकड भीती गेल्यावर लगेच परत भरत नाही. अपवाद आहेतच. स्वीडनमध्ये चलनातली रोकड गेली काही वर्षे ६,००० कोटी क्रोनाच्या आसपास आहे, म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्का. जपानमध्ये हेच प्रमाण वीस टक्क्यांहून अधिक आहे. दोन्ही देश श्रीमंत, दोन्हींकडे तंत्रज्ञान उत्तम आणि दोन्हींकडे बँका विश्वासू. रोकड जास्त म्हणजे देश मागासलेला, हा समज या एका जोडीपुढे टिकत नाही.

आता मघाशी बाजूला ठेवलेला मुद्दा. हिशेबात जिवंत असलेल्या नोटांपैकी प्रत्यक्षात किती नष्ट झाल्या असतील? हे एरवी कळायला मार्ग नसतो; पण एखाद्या सरकारने सगळ्या नोटा परत मागवल्या की आयतीच परीक्षा होते. भारताने ८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे आणि हजाराच्या तत्कालीन नोटा रद्द केल्या, तेव्हा अशा १५.४१ लाख कोटी रुपयांच्या नोटा बाहेर होत्या. त्यांपैकी १५.३१ लाख कोटी परत आल्या, म्हणजे ९९.३ टक्के. जे ०.७ टक्के आले नाहीत त्यात हरवलेल्या, जळालेल्या, परदेशात अडकलेल्या आणि मुद्दाम न आणलेल्या अशा सगळ्याच नोटा आल्या. तेव्हा खरोखर नष्ट झालेला कागद त्याहूनही कमी. जर्मनीचा अनुभव वेगळ्या बाजूने तेच सांगतो. तिथली मध्यवर्ती बँक युरोपूर्वीचे जुने मार्क आजही मुदतीची अट न ठेवता ठरलेल्या १.९५५८३ मार्कला एक युरो या दराने बदलून देते. तरीही दोन दशकांनंतर सुमारे १,२०० कोटी मार्क परत आलेले नव्हते. त्यातल्या नोटा ५७० कोटी मार्कांच्या आसपास, म्हणजे बदलाआधीच्या नोटांच्या दोन टक्क्यांच्या घरात. नाणी मात्र त्याहून अधिक, ६५० कोटींच्या आसपास, जरी मुळात नाण्यांची एकूण रक्कम नोटांच्या एका छोट्या अंशाइतकीच होती. नाणी खरोखर हरवतात. मोठ्या नोटा माणसे फार जपून ठेवतात.

खराब झालेल्या नोटाही लोक सहजासहजी सोडत नाहीत. अमेरिकेच्या नोटा छापणाऱ्या सरकारी खात्यात फाटक्या-जळक्या नोटा तपासणारा स्वतंत्र विभाग आहे आणि त्याच्याकडे वर्षाला हजारो अर्ज येतात. जमिनीत पुरून बुरशी लागलेले पुडके, उंदरांनी कुरतडलेली गड्डी, भट्टीतून काढलेला काळा ठोकळा. तपासनीस सुरी आणि चिमट्याने एकेक पापुद्रा सोडवत बसतात, आणि नोटेचा अर्ध्याहून अधिक भाग ओळखता आला की पूर्ण रक्कम देतात. अशा नोटा हाताळलेल्या कोणालाही विचारा, चिकटलेल्या गड्डीला अर्जदाराने घरी हात लावला नसेल तर काम निम्म्याने सोपे होते. एकूण पाहता, रकमेच्या दृष्टीने दोन टक्के कागद नसलेला धरला तरी साडेआठ लाख कोटींतून सतरा हजार कोटी वजा होतात. मूळ अंदाजातली अनिश्चितता याहून मोठी आहे, म्हणून मी ही वजावट करत नाही.

राहिले ते ‘आठ टक्क्यां’चे विधान. जगाची सरासरी काढली तर ते फारसे चूक नाही. लोकांच्या बँक ठेवी आणि रोकड मिळून होणाऱ्या व्यापक पैशात रोकडीचा वाटा माझ्या हिशेबाने सात-आठ टक्के येतो. पण ही सरासरी कोणत्याच मोठ्या देशाचे नीट वर्णन करत नाही. २०२३ च्या सुमारास चीनमध्ये हा वाटा चार टक्क्यांच्या आत होता, ब्रिटनमध्ये तीनच्या आसपास, युरो क्षेत्रात नऊ-दहा, अमेरिकेत अकरा, भारतात तेरा-चौदा. चीनची टक्केवारी लहान आहे ती रोकड कमी असल्यामुळे नव्हे, तर तिथल्या बँक ठेवी अवाढव्य असल्यामुळे. अमेरिकेचा अकराचा आकडा तर मुळातच विचित्र आहे: अंशात परदेशातल्या कपाटांतले डॉलर धरलेले आहेत आणि छेदात बहुतांशी देशातल्या ठेवी आहेत. परदेशातला अर्धा भाग काढला तर तोच वाटा सहा टक्क्यांवर येतो. शिवाय ‘बाकीचा पैसा संगणकात आहे’ हे म्हणणे तितकेसे बरोबर नाही. बाकीचा पैसा म्हणजे व्यापारी बँकांनी ठेवीदारांना देणे असलेली रक्कम. ती पूर्वी जाडजूड खातेवह्यांत लिहीत असत, आता संगणकात लिहितात. वह्यांच्या काळातही ठेवी नोटांहून कितीतरी जास्तच होत्या.

आजच्या तारखेचा आकडा स्वतः काढायचा असेल, तर फेडरल रिझर्व्ह दर गुरुवारी आपला साप्ताहिक ताळेबंद जाहीर करते आणि त्यात चलनातील रोकडीची ओळ असते. युरोपीय मध्यवर्ती बँक तशीच नोटांची रक्कम दर आठवड्याला देते, जपानची दर दहा दिवसांनी, भारताची रिझर्व्ह बँक दर शुक्रवारी. चीनच्या मासिक आकड्यांत एम-झीरो पाहावे. सगळ्यांची तारीख शक्य तितकी जवळची घ्यावी, चीनच्या वसंतोत्सवाच्या आणि नाताळच्या आठवड्यांतले फुगलेले आकडे टाळावेत, त्या तारखेच्या दराने डॉलरमध्ये बदलावेत, आणि या पाच रकमांच्या बेरजेला सव्वाने गुणावे. तासाभराचे काम आहे.